नववीतली लेक आणि हंगामाचे बोलावणे

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. घरची थोडी धानाची शेती आहे. मागच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या मुलीने नाटकात काम केले, ते पाहून गडचिरोली जिल्ह्यातील वडशाकडील एका नाट्यमंडळाच्या व्यवस्थापकांनी यंदाच्या हंगामासाठी तिला धाकट्या बहिणीच्या भूमिकेकरिता मागितले आहे. प्रत्येक प्रयोगामागे मानधन ठरवून देतो, असे ते म्हणतात. ती आता नववीत आहे, वय चौदा पूर्ण. यंदा पिकाचे नुकसान झाल्यामुळे हिच्या बाबांना ते पटले आहे. सासूबाई म्हणतात, नाटकात गेलेल्या पोरीला सोयरीक येत नाही. मुलगी म्हणते, शाळेत नाटक शिकवतच नाहीत, मग मी ते शिकू कुठे? मला तिचे शिक्षण मोडायचे नाही आणि तिचे मनही मोडायचे नाही.
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या घरात चौघांची चार मते आहेत आणि सासूबाईंचे सोडले तर बाकीच्या तिघांचे म्हणणे मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तरीही माझे मत आधीच स्पष्ट सांगते. मुलीला या हंगामात रात्रीच्या प्रयोगांना पाठवू नका, पुढच्या हंगामातही पाठवू नका. मात्र हा नकार नाटकाला आहे असे तिला क्षणभरही वाटू देऊ नका, कारण तिने नाटक शिकावे, तेही आतापासून आणि मन लावून शिकावे, असेच मला वाटते.

सासूबाईंच्या भीतीचा निकाल लवकर लावता येईल. झाडीपट्टीच्या नाटकाकडे खालच्या नजरेने पाहण्याचे दिवस खरे तर केव्हाच संपायला हवे होते. झाडीपट्टीच्या म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत धान निघाल्यावर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात आणि त्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके होतात. तिकीट काढून, अंगावर ब्लँकेट घेऊन माणसे पहाटेपर्यंत बसतात. सासूबाईही त्या पेंडॉलमध्ये बसून कधी ना कधी रडल्या असतीलच. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणारे गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. सोयरीक करणाऱ्यांनी ते वाचले नसेल, तर त्याची शिक्षा मुलीने का भोगावी? तेव्हा नकार द्यायचाच, पण तो लाजेपोटी देऊ नका. लाजेपोटी दिलेला नकार मुलीला लगेच कळतो आणि मग ती त्याच्या विरोधात हट्टाने उभी राहते.

नकाराचे खरे कारण वेळेचे आणि वयाचे आहे. हंगाम साधारण भाऊबीजेपासून होळीपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण त्यात जाते; आणि पुढच्या वर्षी ती दहावीला असेल, तेव्हा बोर्डाची परीक्षा नेमकी हंगामाच्या शेवटाला येईल. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे संपतो, त्यानंतर गाडीने परत, किंवा परस्पर पुढच्या गावी. या वयाची मुलगी सकाळी शाळेत जाऊन बसली, तरी जागी कशी राहील? शिवाय हा केवळ आपल्या सोयीचा प्रश्न नाही. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ हा कायदा चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना किशोरवयीन म्हणतो आणि त्यांना सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत आस्थापनेच्या कामावर ठेवू नये असे सांगतो. व्यवस्थापक भला माणूस असू शकतो, त्याला हे ठाऊकही नसेल. पण ते तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. आणि जे प्रश्न आईने स्पष्ट विचारायला हवेत ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाहीत, म्हणून मीच लिहिते : तिच्यासोबत रोज कोण जाणार, ती कपडे कुठे बदलणार, दोन प्रयोगांच्या मध्ये कुठे झोपणार, आणि एखादी गोष्ट तिला खटकली तर ती कोणाला सांगणार? या प्रश्नांची उत्तरे “आपल्याच माणसांसारखी ठेवू” या एका वाक्यात मिळत असतील, तर ती उत्तरे मिळाली असे समजू नका.

तिच्या बाबांविषयी मला राग नाही. पिकाचे नुकसान झाले की घरात येणाऱ्या प्रत्येक रुपयाकडे माणूस वेगळ्या डोळ्यांनी पाहतो, आणि इथे तर पैसा मुलीच्या आवडीतूनच येतो आहे, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटतही नसेल. त्यांच्याशी बोलताना नाटकाचा विषय काढू नका, हिशेब काढा. हंगामाचे मानधन होळीबरोबर थांबेल, पण नववीत मागे पडलेली मुलगी दहावीत अडखळली, तर पुढे ज्या ज्या दारांविषयी मी खाली लिहिणार आहे ती सगळी तिच्यासाठी बंद होतील, कारण त्यातील प्रत्येक दार बारावी किंवा पदवी मागते. घरातील नड खरी आहे, तर ती मोठ्यांनी आपसांत बसून सोडवावी. तिचे ओझे पोरीच्या मानधनावर ठेवू नये.

आता तिचा प्रश्न, जो मला तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा वाटला. शाळेत नाटक शिकवत नाहीत, ही तिची तक्रार बरीचशी खरी आहे. आपल्या राज्य मंडळाच्या सर्वसाधारण शाळेत नववी-दहावीला नाटक हा मराठी किंवा गणितासारखा गुणांचा स्वतंत्र विषय नसतो. कला श्रेणीपुरती असते आणि तिचा तास परीक्षा जवळ आली की दुसऱ्या विषयाला दिला जातो. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहावी ते आठवीच्या ज्या शाळांत शंभराहून अधिक मुले आहेत तिथे कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हणतो आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कलेला अभ्यासाबाहेरची मानू नका असे म्हणते. आपल्या गावच्या शाळेत यातले किती उतरले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक.

पण जिथे हा विषय शिकवला जातो तिथे नेमके काय शिकवतात, हे तिने समजून घेतले तर तिचे अर्धे काम होईल. केंब्रिजसारख्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या काही शाळांत दहावीच्या पातळीवर नाटक हा परीक्षेचा विषय असतो. त्यात रंगमंचावरील प्रात्यक्षिकाला गुण असतात तसे लेखी परीक्षेलाही असतात : दिलेला प्रवेश वाचून या पात्राचा आवाज कुठे चढवाल, तिथे प्रकाश कसा ठेवाल, ही वस्तू मंचावर कुठे मांडाल आणि ते का, असे विचारतात. म्हणजे पाठांतर आणि धीटपणा यांच्या पलीकडचा “का” हा त्या अभ्यासाचा गाभा आहे, आणि त्यासाठी शहरातील शाळा लागत नाही. तिला शंभर पानी वही घेऊन द्या. मराठीच्या पाठ्यपुस्तकातील एखादा संवाद तिने उतरवून घ्यावा आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहावे की हे बोलणाऱ्याला या क्षणी समोरच्याकडून काय हवे आहे. मग तेच वाक्य वेगळा हेतू धरून म्हणून पाहावे. हे काम कंटाळवाणे वाटेल, कारण त्यात टाळ्या नाहीत. पण टाळ्यांशिवायही ती आठवडाभर वहीला चिकटून राहिली, तर तिला नाटक खरेच शिकायचे आहे असे समजायला हरकत नाही.

आवाजासाठी गावात बोडी म्हणजे लहान तळे आहे. संध्याकाळी तिने तिच्या एका पाळीवर म्हणजे बांधावर उभे राहावे, तुम्ही समोरच्या पाळीवर बसा, आणि तिने न ओरडता, शब्द न तोडता चार ओळी म्हणाव्यात. तुम्हाला शेवटचा शब्द ऐकू आला का, एवढेच सांगा, कारण वाक्याच्या शेवटी श्वास संपतो आणि “नाही”, “गेला”, “आहे” हे शब्द हवेत विरून जातात. नवख्या नटाचे हे पहिले दुखणे. श्वास पोटातून घेऊन वाक्याच्या आधी साठवायचा, घशाला ताण द्यायचा नाही. हातात माइक आला की ही उणीव झाकली जाते, बरी होत नाही.

शाळेतही अगदीच काही नाही असे नाही. केंद्र सरकारचा कला उत्सव २०१५ पासून माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांसाठी होतो, जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी. त्यात नाट्यप्रकारही घेतले जातात. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा असते. दहावीत लोककला व अन्य कलांमधील प्रावीण्याला वाढीव गुण देण्याची तरतूद आहे. तिचे निकष आणि प्रमाणपत्रे मुख्याध्यापकांकडे आताच विचारून ठेवा, दहावीच्या जानेवारीत धावपळ करू नका. ज्या शिक्षकांनी स्नेहसंमेलनातील नाटक बसवले त्यांना भेटा आणि आठवड्यातून एक तास चार-पाच मुलांना घेऊन बसाल का, असे विचारा. असे शिक्षक बहुधा कोणीतरी विचारण्याचीच वाट पाहत असतात.

पुढची वाट तिला नकाशावर दाखवा. बारावीनंतर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील ललित कला केंद्रात नाटकाची पदवी घेता येते. छत्तीसगडमधील खैरागड येथे १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विद्यापीठ आहे, तिथेही नाट्यविभाग आहे. आपल्या भागातून गोंदियामार्गे ते पुण्यापेक्षा कितीतरी जवळ पडते, पण आपल्याकडील मुलांना ते फारसे कोणी सांगत नाही. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चे. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून प्रवेशासाठी पदवी लागते आणि आधी नाटकांत काम केल्याचा अनुभवही पाहतात. म्हणजे झाडीपट्टीत केलेले काम तिथे वाया जात नाही, ते फक्त योग्य वयात करायचे आहे. आणि या शिक्षणातून सगळेच नट होतात असे नाही. प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, शाळांत नाटक शिकवणे, ही कामेही त्याच अभ्यासातून निघतात. पोट केवळ नाटकावर चालेल अशी खात्री मी तुम्हाला देणार नाही, आणि दुसऱ्या कोणी दिली तर तिच्यावर विसंबू नका.

व्यवस्थापक पुन्हा येतील तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका, तिच्या बाबांना देऊ द्या. नाहीतर आईने अडवले एवढेच गावभर होईल. त्यांनी म्हणावे की मुलगी बारावी होईपर्यंत रात्रीच्या कामाला येणार नाही, त्यानंतर तिची इच्छा असेल तर आम्ही स्वतः घेऊन येऊ. आणि त्याच बैठकीत एक गोष्ट मागून घ्यावी : दिवाळीच्या सुट्टीत मंडळाच्या तालमी दिवसा होतील, तेव्हा आईसोबत येऊन मुलीला एका बाजूला बसू द्यावे. तिथे तिने मुख्य नटाकडे पाहू नये, तो प्रयोगातही दिसतो. पडद्याआड पुस्तक धरून बसलेल्या प्रॉम्प्टरकडे पाहावे : वाक्य सुटण्याआधी तो नटाला कसे सावरतो, कुठे मुद्दाम गप्प राहतो, आणि ऑर्गनवाला गाण्याची पट्टी कोणत्या शब्दावर धरतो. वही सोबत न्यायला सांगा. व्यवस्थापकांनी यालाही नकार दिला, तर त्यांना कलावंत हवी होती की हंगामापुरती पोर, हे तिच्या बाबांना तिथल्या तिथे कळेल.