पत्र्याच्या शेडला आतून घाम येऊ नये म्हणून बांधतानाच काय करावं?

निफाडजवळ शेतात २० बाय ३० फुटांची लोखंडी सांगाड्याची शेड बांधायची आहे, त्यात ट्रॅक्टर, ब्लोअर (बागेत औषध फवारायचं यंत्र), ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या ठेवायच्या आहेत. पण शेजारच्या शेडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्र्यावरून पाणी टपकतं, ते आपल्याकडे कसं टाळायचं, असा तुमचा प्रश्न आहे. फॅब्रिकेटरने दोन टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे छपरावर बसणारे वाऱ्याने फिरणारे पंखे, सुचवलेत. माझं मत आधीच सांगतो: पहिले पैसे फरशीखालच्या प्लास्टिकवर आणि पत्र्याखालच्या फोमवर घाला. व्हेंटिलेटरचं नंतर बघू.

कारण असं की निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज जास्त थंड होतो. पहाटे आतली हवा १० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर साडेसात अंशांच्या आसपास दव पडायला लागतं. म्हणजे पत्रा जेमतेम अडीच अंश खाली उतरला की काम झालं. निफाडची थंडी, स्वच्छ आकाश आणि भोवती पाणी दिलेल्या बागा, हे तिन्ही तुमच्याकडे एकत्र आहे. टर्बो वाऱ्यावर फिरतो, आणि नेमक्या त्या पहाटे वारा पडलेला असतो.

शेजाऱ्याकडे खरंच घाम आहे की गळती, तेही बघून घ्या. पाऊस नसताना, थंड पहाटे, पत्र्याच्या सगळ्या पोटावर बारीक थेंब दिसले तर तो घाम. फक्त स्क्रूपाशी किंवा सांध्यापाशी ओल असेल तर गळती. त्यांच्या फरशीवर दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून एक दिवस-रात्र ठेवा. खालून ओलं झालं तर पाणी जमिनीतून येतंय.

बहुतेक ठिकाणी ते जमिनीतूनच येतं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि वर बंद शेड झाली की ती वाफ पत्र्यापर्यंत जाते. म्हणून काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथराने ठोका, जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट वर घ्या. सोलिंग (दगडांचा थर), त्यावर ४ इंच पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट), ती गुळगुळीत करून त्यावर २५० मायक्रॉनचं, म्हणजे बाजारात १००० गेज म्हणतात ते, पॉलिथीन अंथरा. सांध्याला एक फूट चढ द्या, टेप मारा आणि कडेला प्लास्टिक भिंतीलगत फरशीच्या उंचीपर्यंत वर वळवा. सगळं मिळून सातशे चौरस फूट लागेल. मग ५ इंच एम-२० प्रतीचं काँक्रीट. मजूर सळईची जाळी ओढताना प्लास्टिक फाडतात, त्यामुळे जाळी कव्हर ब्लॉकवर (सळई वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) ठेवून घ्या आणि काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः एकदा फिरून भोकं बघा.

या फरशीतही सुमारे ७ घनमीटर काँक्रीट आहे. त्यात कालवलेलं पाणी तेराशे लिटरच्या आसपास, आणि सिमेंटने न बांधलेलं शेकडो लिटर पाणी पुढचे काही महिने हवेतच जाणार आहे. म्हणून फरशी उन्हाळ्याआधी टाका, क्युरिंग झालं की मे अखेरपर्यंत दारं उघडी ठेवा. ऑक्टोबरात फरशी आणि डिसेंबरात खत, असं केलंत तर पहिल्या हिवाळ्यात टपकणारच.

आता छप्पर. उतार किमान १० अंश, जमल्यास १५ ठेवा. २० फुटांच्या रुंदीत १५ अंशांना मधला भाग कडेपेक्षा पावणेतीन फूट उंच येतो. सपाट छपराला थेंब जागच्या जागी पडतात, उताराला पत्र्यावरून घरंगळतात. ०.५० मिमीचा रंगीत गॅल्व्हल्युम (ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला) पत्रा आणि ४ फुटांवर पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) पुरे. पर्लिनवर आधी १० मिमीचा फॉइल लावलेला एक्सएलपीई (पॉलिथीनचा) फोम, फॉइल खाली, आतल्या बाजूला, मग पत्रा. चारही बाजूंना दीड फूट पावळी धरून १५ अंशांच्या उताराला छपराचं क्षेत्र साधारण ७८५ चौरस फूट होतं, सांध्यांसाठी दहा टक्के जास्त घ्या. सांधे २ इंची ॲल्युमिनियम टेपने बंद करणं हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. उघड्या फटीतून ओली हवा वर जाते, फोम आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी धरतं आणि पत्रा वरच्या बाजूने दिसणार नाही असा आतून गंजतो. थर्माकोलच्या शीट नंतर खालून चिकटवल्या तर हेच होतं.

फोममुळे स्क्रू १० मिमीने लांब लागतो. वॉशर जेमतेम दबेल इतकाच आवळा. जास्त आवळला की रबर फाटतं. ड्रिलचा लोखंडी कीस त्याच दिवशी मऊ ब्रशने झाडून काढा, नाहीतर पहिल्या दवात पत्र्यावर गंजाचे डाग उठतील.

बजेट कमी असेल तर आतून फेल्ट (पाणी शोषणारं जाड कापड) लावलेला पत्रा मिळतो. तो रात्रीचं पाणी धरून ठेवतो आणि दिवसा सोडतो. पण पावळीकडची शेवटची दोन-तीन इंच कड गरम हवेने जाळून किंवा लॅकर लावून बंद करावी लागते, नाहीतर पावसाचं पाणी फेल्ट आत ओढत नेतं. आणि दिवसा हवा खेळली नाही तर तो वाळतच नाही.

हवेसाठी ठोकताळा: जमिनीच्या क्षेत्राच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी वाट, म्हणजे तुमच्याकडे ४ चौरस फूट, अर्धी खाली, अर्धी वर. जाळी आणि लूव्हरमुळे (तिरप्या पट्ट्यांची झडप) निम्मी वाट अडते, म्हणून खाली एक बाय एक फुटाच्या चार लूव्हर, आणि वर रिजलगत (छपराच्या मधल्या उंच कडेला) दोन्ही बाजूंना एक-एक इंच फट, वरून रिज कॅप आणि जाळी. ही व्यवस्था वारा नसतानाही थोडीफार चालते. पावसाळ्यात मात्र बाहेरची हवाच ओली असते, त्या दिवसांत खालच्या लूव्हर बंद ठेवा आणि ऊन पडलं की उघडा.

सांगाड्याच्या मापांचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. हलक्या शेडला वाऱ्याने उचललं जाण्याचा धोका वजनापेक्षा मोठा असतो, आणि पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो.

युरिया ३० अंशांना आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढतो. गोण्या लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून फूटभर सोडून रचा आणि वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळा. कांदा या शेडमध्ये ठेवू नका, तो स्वतःच वाफ सोडत राहतो. त्याला कांदाचाळच हवी. ब्लोअर धुऊन ओलाच आत लावायची सवय असेल, तर तो बाहेर पावळीखाली तासभर निथळू द्या.