वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यास

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गगनबावड्याहून पहाटेची एसटी पकडून आलेला रुग्ण तुझ्यासमोर बसेल, तेव्हा ‘इतके दिवस काय करत होता?’ असे विचारण्याआधी त्याची किती दिवसांची मजुरी बुडाली, हे विचार. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. त्याच कोल्हापुरात शिकताना वर्गमित्राची गुणवत्ता त्याच्या प्रवेशाच्या मार्गावरून मापू नकोस. धनगरवाड्यावरून आलेल्या मित्राच्या बोलीने अबोल रुग्ण बोलता होतो, हे मी वॉर्डात अनेकदा पाहिले आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तू दत्तक घेतलेल्या कुटुंबाच्या घरून नुसता रक्तदाब मोजून परतू नकोस. आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपींवर एखाद्या गर्भवतीची नोंद राहून गेली आहे का, हे आशाताईंना आवर्जून विचार.