सामाईक विहिरीवर औषधाचा पंप धुतात. दाद कुठे मागू?

प्रश्न : खानापूर तालुक्यात (जि. बेळगाव, कर्नाटक) आमची विहीर चुलत दिरांशी सामाईक आहे. वाटणीपत्रात निम्मी-निम्मी. प्यायला पाणी तिथलंच. भातावर फवारणी झाली की दीर काठावरच पंप धुतात, रिकाम्या बाटल्या तिथंच पडलेल्या असतात. गेल्या आठवड्यात मासे उलटे तरंगत होते. बोलले तर म्हणतात, “निम्मी विहीर माझी आहे.” पती गोव्यात कामाला असतात. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, आधी ते पाणी पिणं बंद करा, आजच. उकळून, गाळून कीटकनाशक जात नाही. जनावरांनाही ते पाजू नका.

आता कायद्याचं. 1968 च्या कीटकनाशक कायद्यावर तुमची भिस्त असेल, तर ती सोडा. स्वतः कसत असलेल्या जमिनीवर औषध मारणाऱ्याला कलम 38 ने त्या कायद्यातून वगळलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 279 सार्वजनिक झरा किंवा जलाशय घाण करण्याबद्दल आहे. दोन घरांच्या विहिरीला ते लावणं कठीण. कलम 286 मात्र बसू शकतं. विषारी पदार्थ हाताळताना माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण घरातल्या माणसावर पहिलं पाऊल म्हणून फौजदारी करा, असं मी सांगणार नाही.

माझा भर दिवाणी दाव्यावर आहे. विहिरीचे हिस्से कागदावर पडले, पाण्यात रेघ कुठं मारणार? एका सहहिस्सेदाराने दुसऱ्याचं पाणी नासवलं, तर कोर्ट मनाई हुकूम देऊ शकतं, आणि दावा चालू असताना तात्पुरताही. हिस्सा पतींच्या नावावर असेल तर वादी तेच होतील. सारखी रजा मिळत नसेल तर तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावं.

पण पुरावा लागेल. बाटल्यांचे, त्यांवरच्या रंगीत त्रिकोणाचे, पंप धुतानाचे फोटो तारखेसह ठेवा. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा. पाण्याचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत, थंड ठेवून, कीटकनाशकाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतच द्या. पंचायतीच्या साध्या किटवर ते दिसत नाही. नमुना घेताना दोन पंच आणि सह्या हव्यात.

सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या कार्यालयात अर्ज द्या. पाण्यात विषारी पदार्थ सोडायला मनाई करणाऱ्या 1974 च्या जल कायद्याच्या कलम 24 मध्ये ‘विहीर’ हा शब्द स्पष्ट आहे, आणि ती सार्वजनिकच असावी अशी अट नाही. अर्ज मराठीत चालेल का, हे आपल्या भागात दर वेळी विचारलं जातं. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. तरी कन्नड प्रत जोडा, टेबलावर पडून राहणार नाही. पुढं राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, जायची वेळ आली, तर पुणं जवळ असलं तरी कर्नाटकासाठी खंडपीठ चेन्नईचं.

या सगळ्याआधी दिरांना वकिलामार्फत नोटीस पाठवा, आणि तिच्यात नेमकं मागा : पंपाला पाणी बादलीने विहिरीपासून लांब नेऊन भरावं, औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतून शेतात मारावं, रिकाम्या बाटल्या भोसकून वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर पुराव्यात. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. बरेच जण एवढ्यावर ऐकतात, कारण त्यांची मुलंही तेच पाणी पितात.

पतींना येत्या सुट्टीत वाटणीपत्राची मूळ प्रत घेऊन यायला सांगा.