फादर नसताना घरी जमावं का?

प्रश्न: आमच्या गावात कॅथलिक म्हणून मोजून सहा घरं. चर्च तालुक्याले, फादर महिन्यातून एकदा येतात, वेचणीच्या दिवसात तर बायांचं तेही चुकते. आमी बायांनी ठरवलं का दर बुधवारी रात्री एकेकीच्या घरी जमून बायबल वाचायचं. पण सासरे म्हणतात फादरशिवाय असं काही करता येत नाही, अन् आमच्यात शिकलेलंबी कोणी नाही. काय करावं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, बिनधास्त जमा. सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे, मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, फादरशिवाय होत नाही आणि ती तुम्ही करूही नका, पण वचन वाचायला नि प्रार्थनेला कुणी अडवलेलं नाही. उलट चर्चच्या १९८३ च्या कायद्यात, कलम १२४८ मध्ये, लिहिलंय की फादर नसल्यामुळे रविवारची मिस्सा मिळत नसेल तिथं लोकांनी एकटं, घरच्यांसोबत किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी. पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी तर १९७० च्या दशकातच असे छोटे समूह हाच आपल्या कामाचा पाया ठरवला, आणि १९९० मध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशियातले बिशप जमले तेव्हा त्यांनीही हीच वाट दाखवली.

शिकलेलं कोणी नाही याची चिंता सोडा. दक्षिण आफ्रिकेच्या लुम्को संस्थेनं सात पायऱ्यांची एक पद्धत बसवली ती अशाच लोकांसाठी, आधी प्रभूला बोलवायचं, मग शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोरीनं उतारा वाचायचा, ज्याला जो शब्द लागला तो त्यानं मोठ्यानं म्हणायचा, थोडं शांत बसायचं, मग मनाला काय भिडलं ते सांगायचं. इथं प्रवचन नाही, वाद नाही, कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही.

सहावी पायरी मात्र कधीच गाळू नका, मला विचाराल तर सगळा जीव तिथंच आहे. आता आपण करायचं काय, हे त्यात ठरवायचं. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा माणूस यवतमाळच्या दवाखान्यात भरती आहे, कोणत्या दोन घरांत बोलणं बंद आहे, मग डबा कोण नेणार, समजवायला कोण जाणार, हे त्याच रात्री नावानिशी ठरलं पाहिजे, आणि शेजारी ख्रिस्ती नसला म्हणून त्याचं दुःख वगळायचं नाही. सातवी पायरी म्हणजे आपल्या शब्दांत प्रार्थना, ती वऱ्हाडीत केली तरी देवाला कळते. फक्त नुसतं वाचून-गाऊन उठून जाल तर चार महिन्यांत बाया कंटाळतील, हे मी मनापासून सांगते.

अजून एक, चालवणारी बाई दर वेळी बदला, वर्गणी लावू नका, तिथं बोललेलं पाणवठ्यावर न्यायचं नाही. फादरांना आधी सांगा, ते आले की सासऱ्यांसमोरच विचारा म्हणजे घरातला प्रश्नही सुटेल, आणि गावातली मिस्सा असेल त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जायचं, हा समूह चर्चपासून वेगळा नाही.

पहिल्या बुधवारी मार्काच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय घ्या, चौघांनी लकवा झालेल्या माणसाला छप्पर उघडून येशूसमोर खाली सोडलं तो प्रसंग. पहिली बाराच वचनं आहेत, आणि सहाव्या पायरीला बोलायला भरपूर मिळेल.