इगतपुरीहून आल्यावर आसन कपाटात गेलं, आता काय?

गेल्या अंकात झोपेवरच्या एका उत्तरात ध्यानाचा अर्ध्या ओळीत उल्लेख केला होता, तर झोप राहिली बाजूला आणि ध्यानावरच पत्रं आली, मेल आले, एकांनी तर चार पानी लिहून पाठवलंय. म्हणून या वेळी फक्त तेच घेतलंय. पत्रं लहान केलीत, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी ठाण्याला राहते, बँकेत आहे, वय ४१. मागच्या वर्षी दिवाळीनंतर इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, म्हणजे मौन पाळून ध्यान. खरं सांगते, इतकं शांत आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. घरी आल्यावर ठरवलं होतं की सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचंच, आणि सुरुवातीला बसले पण. मग मुलाची परीक्षा आली, मार्च एंड आला, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका तासाचा अर्धा झाला, अर्ध्याची दहा मिनिटं झाली आणि आता काहीच नाही. आसन कपाटात आहे, कपाट उघडलं की दिसतं आणि माझी मलाच लाज वाटते. शिबिरातल्या मैत्रिणी ग्रुपवर रोज ‘भवतु सब्ब मंगलं’ (सगळ्यांचं मंगल होवो) टाकतात, बसतात की नुसतंच टाकतात देव जाणे. मोटिव्हेशन कुठून आणू? परत शिबिर करू का?

उत्तर : मैत्रिणींचं सोडा हो, त्यांचं त्या बघतील. (शंका मलाही आहे, पण ते असो.)

मला सांगा, इगतपुरीला तुम्ही रोज दहा-एक तास बसलात ते मोटिव्हेशनवर बसलात का? पहाटे चारला घंटा, साडेचारपासून साधना, मोबाईल जमा, बोलायचं नाही, कोणाकडे बघायचं पण नाही, अकराला आयतं जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळं-चुरमुरे, रात्री प्रवचन, नऊ-साडेनऊला दिवे बंद. हॉलमध्ये आजूबाजूला एवढ्या बायका बसलेल्या, त्यामुळे मध्येच उठून जायची लाज, आणि खोलीत जरा जास्त वेळ पडलात की धम्मसेविका, म्हणजे तिथली स्वयंसेविका, दारात हजर. ते माहेरपणच असतं एका अर्थी, फक्त पहाटे चारला उठवणारं माहेर. डबे नाहीत, भांडी नाहीत, कोणाचा ओटीपी नाही. तिथे जे जमलं त्यात तुमच्या निर्धाराचा वाटा होताच, पण मोठा वाटा त्या व्यवस्थेचा होता, आणि ती व्यवस्था इगतपुरीलाच राहिली, तुम्ही एकट्याच कसारा घाट उतरून खाली आलात. मग घरी साधना सुटली यात नवल काय? निघताना सांगतात की रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, उठल्यावर आणि झोपताना पाच-पाच मिनिटं, आठवड्यातून एकदा सामूहिक साधना आणि वर्षातून एक शिबिर. आपण त्यातले दोन तास तेवढे लक्षात ठेवतो आणि सामूहिक साधना विसरतो, आणि माझं मत विचाराल तर घर-नोकरीवाल्यांना तगवते ती तीच. आधार देणारी गोष्ट सोडली आणि एकटीने निभवायची तेवढी धरली, असं सगळं उलटं झालंय म्हणून मोटिव्हेशन शोधत बसावं लागतं.

आणि हे सगळं संन्याशांसाठी आहे, संसारी बाईला कसं झेपणार, असं मनात येत असेल तर एक सांगते. ही शिबिरं ज्यांच्या पद्धतीने चालतात त्या गोयंका गुरुजींनी हे ज्यांच्याकडून घेतलं ते सयाजी उ बा खिन ब्रह्मदेशात सरकारी अकाउंटंट होते! १९३७ मध्ये आनापान, म्हणजे श्वास बघण्याची साधना, शिकले तेव्हा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, पुढे देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये थेट अकाउंटंट जनरल. बायको-मुलं असलेला माणूस, ऑफिसातच साधनेची सोय केली, हाताखालच्या लोकांना शिकवलं, आणि मार्च एंड काय असतो हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यांचे गुरू सया थेटजी तर शेतकरी. गोयंका स्वतः व्यापारी, घरात मोठा गोतावळा, १९५५ मध्ये रंगूनला ते सयाजींकडे गेले ते मायग्रेन घेऊन, आणि सयाजींनी आधी नकारच दिला की डोकं दुखतंय म्हणून येणार असशील तर नको येऊस, मन साफ करायला यायचं असेल तर ये.

हा नकार मला तुमच्या पत्रासाठी फार महत्त्वाचा वाटतो, कारण तुम्ही लिहिलंय ‘इतकं शांत कधी वाटलं नव्हतं’ आणि तिथेच गाडं अडकलंय. तुम्ही आता दर वेळी ती दहाव्या दिवसाची शांतता मिळवायला बसताय. ठाण्यात सकाळी सहाला, वर कुणाची तरी मोटर चालू, खाली दूधवाला, डोक्यात कालची टॅली न झालेली एन्ट्री, तिथे ती मिळणार नाही, मग ‘आज काही झालं नाही’ म्हणून उठायचं, आणि असं आठ-दहा वेळा झालं की मन म्हणणारच, कशाला बसा. पण शिबिरात शिकवलं होतं ते तर वेगळंच होतं ना, की गुडघा दुखतोय तर दुखतोय हे बघा, बरं वाटतंय तर ते पण नुसतं बघा, दोन्हीत समता ठेवा. त्या हिशेबाने तासभर मन भरकटलं आणि तुम्ही दहा वेळा न चिडता परत आणलंत तर ती बैठक चांगलीच झाली. बैठक झाली की नाही एवढंच बघा, कशी झाली हा प्रश्न निदान तीन महिने स्वतःला विचारूच नका.

आता करायचं काय. आसन कपाटातून काढा आणि जिथे रोज पाय अडेल अशा जागी ठेवा, बेडरूमच्या कोपऱ्यात का होईना. वेळ घड्याळावर ठरवू नका, घरात रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा, म्हणजे दूध तापवून गॅस बंद केला की बसायचं, किंवा ऑफिसहून आल्यावर साडी-ड्रेस बदलला की टीव्हीच्या खोलीत जायच्या आधी बसायचं. सव्वासहा वाजलेले कळत नाहीत, दूध कळतं. कुकर लावून मात्र बसू नका, सगळं लक्ष शिट्ट्या मोजण्यात जातं. किती वेळ? शिकवण तासाची आहे आणि ती खोटी पाडायची नाहीये, पण आज शून्यावर असलेल्या बाईने उद्यापासून दोन तास असं ठरवलं की परवा परत कपाट, त्यामुळे माझ्या मते आधी वीस मिनिटं, ती पण नुसतं आनापान, येणारा-जाणारा श्वास बघायचा. मन फारच सैरभैर असेल तर आनापानच करा असं तिथेही सांगतात. ते बसलं की मग वाढवा. घरच्यांना सांगून ठेवा की या वीस मिनिटांत आई घरात नाही असं समजा, मुलगा परीक्षेचा आहे म्हणजे एवढं समजण्याएवढा नक्कीच आहे.

ठाण्याहून सुटणारी लोकल मिळत असेल आणि बसायला जागा मिळत असेल तर डोळे मिटून श्वास जरूर बघा, पण ती बैठकीत धरू नका हं, नाहीतर हळूहळू सगळी साधना मुलुंड ते सीएसएमटी होऊन जाते. आणि आठवड्याची सामूहिक साधना ठाण्यात कुठे भरते ते जुन्या साधकांकडून, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांकडून, काढा आणि जा. गोराईला विपश्यनेचा मोठा पॅगोडा आहे, तिथे जुन्या साधकांसाठी एका दिवसाची शिबिरं होतात, एखादा रविवार काढा, खाडी ओलांडून जायचं तर जायचं. तो घुमट एकदा आतून बघण्यासारखा आहे, एकही खांब नाही आणि खाली आठ हजार माणसं बसू शकतात.

परत दहा दिवस? करा की, पण रोजची वीस मिनिटं दोन-तीन महिने लागल्यावर. आत्ता गेलात तर परत छान वाटेल आणि परत आसन कपाटात, फक्त बँकेतली रजा तेवढी गेलेली. शिबिराला फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर चालतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपलं काय जातंय, पण शिबिरांना वेटिंग असतं आणि तुमची रजा पण मोजकीच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, सांगली. रोज नियमाने बसतो पण पाच मिनिटांत डोळा लागतो, मान खाली, आणि सौ. म्हणते तुमचं ध्यान घोरतंय. असं असेल तर बसण्यात अर्थ आहे का?

उत्तर : सर, तुम्ही एकटे नाही, साक्षात मोग्गल्लानांना हा त्रास होता. पुढे बुद्धांचे पट्टशिष्य झाले ते, पण सुरुवातीला बसले की पेंगायचे, आणि बुद्धांनी त्यांना रागावून नाही तर एकामागून एक उपाय सांगितलेत, पाली ग्रंथात आहे ते. आधी ज्या विचारात पेंग येते तो सोड, मग ऐकलेला धम्म मनात घोळव, नाही जमलं तर मोठ्याने म्हण, मग कानाच्या पाळ्या ओढ आणि हातपाय चोळ, तरीही येतेय तर उठून डोळ्यांवर पाणी मार आणि आकाशातल्या चांदण्या बघ, उजेडाची कल्पना कर, येरझाऱ्या घाल. आणि इतकं करूनही हटली नाही तर? उजव्या कुशीवर सरळ झोप! कान ओढण्याचा उपाय तुम्ही वर्गात पोरांवर केला असेल, आता स्वतःवर करून बघा.

बाकी दुपारी जेवून बसत असाल तर ते बंद करा, पहाटे तोंड धुऊन, पाठ टेकवल्याशिवाय बसा. पण सर, घोरण्याचं मी हसण्यावारी नेत नाहीये. रात्री जोरात घोरता, मध्ये श्वास अडतोय असं सौ. म्हणतात आणि दिवसभर पेंग येते असं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या, शुगर-थायरॉइड पण बघा. तो प्रश्न ध्यानाचा नसतो.

प्रश्न : हाय, मी हिंजवडीत आयटीत आहे, २७. ध्यानाच्या ॲपवर माझी मोठी स्ट्रीक (न चुकता सलग बसलेल्या दिवसांचा आकडा) होती, फ्लाइटच्या गडबडीत एक दिवस चुकला आणि ती झिरो झाली, त्यानंतर उघडावंसंच वाटत नाहीये. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मला इतक्या दिवसांत का नाही लागली?

उत्तर : लागली होती, पण आकडा वाढवायची. ते २१ दिवसांचं प्रकरण १९६० च्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून आलंय, मॅक्सवेल माल्ट्झ, की ऑपरेशननंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला साधारण किमान एवढे दिवस जातात. किमान हा शब्द पुढे कुठेतरी गळाला आणि ध्यान, जिम, डाएट सगळ्याला २१ चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि मंडळींनी २००९ मध्ये ९६ जणांवरचा अभ्यास छापला, त्यात सवय अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस आले, पण रेंज बघ, १८ पासून २५४ पर्यंत. आणि तुझ्या कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुझं जे काही झालंय ते ॲपमध्ये झिरो झालंय, डोक्यात नाही. स्ट्रीक दिसणं बंद करता येत असेल तर कर, नाहीतर ॲपच काढ आणि मोबाईलचा साधा टायमर लाव. श्वास बघायला सबस्क्रिप्शन लागत नाही रे.

प्रश्न : (नाव-गाव नको) मी डोळे मिटून बसले की छातीत धडधडतं, जुनं काहीतरी आठवतं, रडू येतं आणि नंतर दिवसभर भीती वाटत राहते, रात्री झोप नाही. घरचे म्हणतात शुद्धी होतेय, सोडू नकोस, नेट लाव.

उत्तर : नेट लावू नका. बसणं आत्ता थांबवा, त्यात कसलाही दोष लागत नाही. कधीमधी रडू येणं वेगळं आणि दिवसभर भीती, झोप उडणं हे वेगळं. ध्यानाने काही जणांना असा त्रास होतो हे आता संशोधकही मांडतायत, आणि ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी शिबिराला येऊ नये असं विपश्यना केंद्रंसुद्धा आपल्या नियमांत सांगतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, जुन्या आठवणीचं त्यांच्याशी बोला. लगेच जमत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तोवर डोळे उघडे ठेवून चाला, घरकाम करा, माणसांत राहा. पुढे कधी बसायचं झालं तर डॉक्टरांना विचारून. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : ताई, मी पंढरपूरच्या बाजूची, वय ६०. लग्न झाल्यापासून रोज माळ ओढते, हरिपाठ होतो. मुलगी पुण्याला असते, ती म्हणते आई हे यांत्रिक झालंय, तू ध्यान कर. दोन्ही करायला गेले तर दोन्ही होईना.

उत्तर : काकू, मग ध्यान सोडा. शिबिरात गेलात तर दहा दिवस जप बाजूला ठेवा म्हणतात ते बरोबर आहे, एक पद्धत नीट शिकायची तर दुसरी मध्ये नको. पण तुम्ही शिबिराला निघालेलाच नाही, तुमचं घरी बसून छान चाललंय. या पानावर काहींचं सगळं रडगाणं ‘रोज होत नाही’ हे आहे आणि तुमचं एवढी वर्षं रोज होतंय! यांत्रिक वाटत असेल तर एखादा दिवस माळ जरा सावकाश ओढा, नाव आपल्याच कानाला ऐकू येतंय का बघा, बास. आणि मुलगी पुढच्या वेळी आली की तिला प्रेमाने विचारा, बाई गं, तू स्वतः रोज किती वाजता बसतेस?