सैन्यातल्या धर्मगुरूची बढती कुठवर?

प्रश्न : मुलगा संस्कृतमध्ये शास्त्री झाला, कर्मकांडाची पदविकाही घेतली. आता सैन्यात धर्मगुरू व्हायचं म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, "पूजाच सांगायची तर लष्कर कशाला? आणि बढती कुठवर?" काय सांगू त्यांना? — एक आई

उत्तर : ताई, मी निवृत्त झालो तरी वस्तीत अजून 'पंडितजी'च आहे, तेव्हा मोकळेपणाने सांगतो. भरती थेट नायब सुभेदार म्हणून, म्हणजे सुरुवातच जेसीओपासून (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, शिपाई-हवालदारांच्या वरचा आणि अधिकाऱ्यांच्या खालचा हुद्दा). शिपायाला तिथवर पोचायला अर्धी नोकरी लागते. पुढे सुभेदार, आणि जागा निघाली तर सुभेदार मेजर. अमेरिकी सैन्यात धर्मगुरूंचा प्रमुख मेजर जनरल असतो. आपल्याकडे त्यांचा अधिकारी संवर्गच नाही. कर्नल व्हायचं स्वप्न असेल तर मुलाने सरळ अधिकारी भरतीची परीक्षा द्यावी.

पूजा हा कामाचा लहान भाग. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, लडाख स्काउट्ससाठी बौद्ध भिक्खू अशी पदं आहेत, पण प्रत्येक युनिटला प्रत्येक धर्माचा माणूस मिळत नाही. म्हणून पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये सगळ्यांना एकत्र शिकवतात, एकमेकांच्या रीतींसकट. सीओसाहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख, ख्रिश्चन असले आणि जवान हिंदू, तर साहेब मंदिर परेडला पुढे उभे राहतात. जवानांचा धर्म तो त्यांचा धर्म. कसम परेडला रंगरूट आपापल्या धर्मग्रंथावर शपथ घेतात, तिथेही आपण असतो.

खरी कसोटी संध्याकाळी. बायकोशी बोलणं तुटलेला, भावाने जमीन लाटलेला जवान कंपनी कमांडरपुढे तोंड उघडत नाही. मंदिराच्या पायरीवर येऊन बसतो. अशा वेळी श्लोक फेकणारा पंडित कुचकामी. गप्प बसून ऐकता यायला हवं. शहीद जवानाचे अंत्यसंस्कार करताना त्याच्या आईसमोर काय बोलायचं, हे कुठल्या पाठशाळेत शिकवत नाहीत.

वडिलांना जिवाची काळजी असणारच. युनिट पुढे सरकलं की पंडितजीही जातात, चौकीवर सुद्धा. जिनिव्हा करारात धर्मगुरूंना संरक्षण आहे, शत्रूच्या हाती सापडले तरी ते युद्धकैदी ठरत नाहीत. गोळीला मात्र करार वाचता येत नाही.

मुलाला आजपासून पळायला लावा. 1600 मीटर 8 मिनिटांत पार करावे लागतात, आणि शास्त्री मंडळींची दांडी बहुधा तिथेच उडते. वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. हिंदी बोलायचा सरावही हवा, प्रवचन त्याच भाषेत द्यायचं असतं.