शीर्षकात देशाचं नाव कुणी लिहायचं?

प्रश्न : मी संज्ञापन (कम्युनिकेशन) विषयात एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे आणि मला पीएचडी करायची आहे. तीन पिढ्या एकाच घरात राहतात तिथे व्हॉट्सॲपवर आलेली बातमी खरी की खोटी हे कोण ठरवतं, हा माझ्या डोक्यातला विषय. आमचे एक सर म्हणतात, एखादा मान्यताप्राप्त अमेरिकन सिद्धांत घे आणि तो आपल्याकडे लागू पडतो का ते तपास. मॅडम म्हणतात, पाश्चात्त्यांचं किती दिवस वापरायचं, आपल्या परंपरेतून सिद्धांत मांड. परदेशात शिकणारा एक सीनियर म्हणतो, चांगल्या जर्नलमध्ये छापून यायचं तर दुसऱ्या देशाशी तुलना हवीच. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. परदेशी जावंच लागेल का? आणि बाबा विचारतात, एवढं करून पुढे काय?

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

सगळ्यात आधी, विषय सोडू नकोस. तुला सल्ला देणारे तिघेही तुझ्या भल्याचंच सांगताहेत, पण सिद्धांत कुठून तरी आणायचा आणि तू त्याला माहिती पुरवायची, असं तिघांनीही धरून चाललंय. मला ते पटत नाही. तुझ्या विषयात सिद्धांतालाच उलट प्रश्न विचारण्याची ताकद आहे.

एक उदाहरण बघ. 1968 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या माध्यम-अभ्यासकांनी चॅपल हिल या नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठाच्या गावात 100 मतदारांना गाठलं. मत कुणाला द्यायचं हे ज्यांचं अजून ठरलं नव्हतं, असेच मतदार निवडले होते. त्यांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात आणि माध्यमं कोणत्या प्रश्नांना जास्त जागा देतात, हे ताडून पाहिलं. 1972 मध्ये निबंध छापून आला. त्याचं शीर्षक होतं ‘द अजेंडा-सेटिंग फंक्शन ऑफ मास मीडिया’. त्यात चॅपल हिलचं नाव नाही आणि अमेरिकेचंही नाही. आज नैरोबीत किंवा ढाक्यात कुणी याच्या दहापट मतदारांशी बोलून असाच अभ्यास केला, तर शीर्षकाच्या शेपटीला ‘केनियातील एक अभ्यास’ हे शब्द जोडायला सहसा सांगितलं जातं. एका गावातल्या 100 माणसांवरून ‘माध्यमं’ या विषयावर बोलता येतं, आणि दुसऱ्या गावातल्या हजारांवरून फक्त त्या गावाबद्दल. सिद्धांत कुणाच्या अनुभवावरून बनतात, हा तुझ्या क्षेत्रातला विविधतेचा सगळा वाद मला इथे दिसतो.

माध्यमं ज्या प्रश्नांना जास्त जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, हा अजेंडा सेटिंगचा सिद्धांत चुकीचा आहे असं मात्र मी म्हणत नाही. तो पुढे कितीतरी देशांत तपासला गेला आणि बराचसा टिकलाही. सिद्धांत कुठे जन्मला यावरून त्याची लायकी ठरत नाही. पण जन्मगावाची कोणती गृहीतकं त्याच्या पोटात बसली आहेत, हे शोधणं संशोधकाचं काम आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ती लवकर दिसतात.

आता तुझ्या विषयाकडे येऊ. कोणाचं ऐकून माणसं मत बनवतात, यावरचं गाजलेलं काम म्हणजे एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांचं 1955 चं पुस्तक, ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’. त्यासाठी 1945 मध्ये इलिनॉय राज्यातल्या डिकेटर शहरात सुमारे 800 स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या होत्या. निष्कर्ष असा, की माध्यमांचा प्रभाव थेट पडतो त्यापेक्षा आजूबाजूच्या काही माणसांमार्फत जास्त पडतो. त्यांना मतपुढारी म्हणतात. ज्याला विषयातलं कळतं आणि जो चार लोकांत वावरतो, त्याचं ऐकलं जातं.

आता हा सिद्धांत तुझ्या तीन पिढ्यांच्या घरात नेऊन बघ. ग्रुपवर बातमी टाकली आजोबांनी. ती खोटी आहे हे दोन मिनिटांत शोधून काढलं नातीनं. ती खोटी असणार हे सुनेला आधीच कळलं होतं, पण ग्रुपवर ती काही बोलली नाही, फक्त आपल्या बहिणीला वेगळा मेसेज करून सांगितलं. संध्याकाळी मुलानं आजोबांची बाजू सांभाळत विषय बदलला. या घरात मतपुढारी कोण? माहिती एकीकडे आहे, अधिकार दुसरीकडे, आणि बातमी पुढे जाते की थांबते हे तिसरीकडेच ठरतंय. डिकेटरच्या अभ्यासात एकाच माणसापाशी एकवटलेल्या या गोष्टी इथे चार माणसांत वाटल्या गेल्यात. तुझ्या माहितीतून हे खरंच तसं निघालं, तर ‘मतपुढारी’ ही कल्पनाच फोडून पुन्हा बांधावी लागेल. आणि मग ती ब्राझीलमधल्या किंवा इटलीतल्या घरांनाही कामाची असेल, कारण आजी-आजोबा आणि फॅमिली ग्रुप जगभर आहेत. तो निष्कर्ष फक्त एका देशापुरता राहणार नाही.

सरांचा ‘लागू पडतो का’ हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. उत्तर ‘हो’ आलं तर कुणाला नवल नाही, ‘नाही’ आलं तर ‘तिकडची संस्कृती वेगळी’ म्हणून निबंध बाजूला ठेवता येतो. कुठे अडतो आणि का अडतो, हे विचार.

मॅडमच्या म्हणण्यामागची कळकळ खरी आहे आणि तिला इतिहासही आहे. 1958 मध्ये डॅनियल लर्नर यांनी मध्यपूर्वेतल्या देशांवरच्या पुस्तकात मांडलं, की रेडिओ, वृत्तपत्रं, सिनेमा पोचले की पारंपरिक समाज आधुनिक होतो. आधुनिक म्हणजे काय, तर पश्चिमेसारखा. विकासाच्या कितीतरी योजना या समजावर उभ्या राहिल्या. त्याला आव्हान मिळालं ते मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून. ब्राझीलमधून हद्दपार झालेले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी चिलीत शेतकऱ्यांसोबत काम करताना 1969 मध्ये विचारलं, की तज्ज्ञ येऊन ज्ञान ओतून जातो आणि शेतकरी ते झेलतो, याला संवाद तरी का म्हणायचं? बोलिव्हियाचे संज्ञापन-अभ्यासक लुईस रामिरो बेल्त्रान यांनी आडव्या, बरोबरीच्या संवादाची मांडणी केली. 1976 मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी जुनी चौकट मोडीत निघाल्याचं लिहिलं. नव्या कल्पनांच्या प्रसाराचा सिद्धांत मांडणारे, म्हणजे त्या चौकटीतल्या मोठ्या नावांपैकीच ते एक. बाहेरच्या टीकेनं मधलं घर हललं ते असं.

पण बेल्त्रान यांचं शिक्षण बघ. त्यांची पीएचडी अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाची. ज्याला नाकारलं ते त्यांनी आधी मन लावून वाचलं होतं. ‘आपला’ सिद्धांत मांडायचा म्हणून तू साधारणीकरण (कलाकृतीतली भावना एकट्याची न राहता सगळ्या रसिकांची होते, ही संस्कृत काव्यशास्त्रातली कल्पना) घेतलंस, आणि रस्त्यावरच्या, फोनमधल्या माणसांपाशी गेलीच नाहीस, तर हाती फक्त अभिमान लागेल. ती मांडणाऱ्या भट्टनायकाची ही कल्पना सुंदर आहे. तिला संशोधनात आणायचं तर तीही चुकीची ठरू शकेल अशी कसोटी तिला लावावी लागेल. डिकेटरला लावतेस तीच कसोटी.

‘आपला समाज समूहवादी, त्यांचा व्यक्तिवादी’ हे वाक्य प्रबंधात आयतं वापरू नकोस. ही विभागणी लोकप्रिय झाली ती हेर्ट हॉफस्टेड यांच्या 1980 च्या पुस्तकामुळे, आणि त्यातली माहिती आयबीएम या एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची होती. एका कंपनीच्या नोकरदारांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव सांगणं धाडसाचं आहे. शिवाय एका देशाच्या पोटात किती समाज, किती भाषा, किती वर्ग असतात! आपण जगाला विविधतेबद्दल सुनवायचं आणि आपल्याच नमुन्यात शहरी, शिकलेली, सहज भेटणारी माणसं भरायची, हे मला खटकतं. कॉलेजच्या ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवून प्रबंध करू नकोस.

पद्धतीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुझी खरी परीक्षा तिथे आहे. तयार प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास असतो : तुम्ही रोज किती वेळ फोन वापरता? यात एक माणूस, एक फोन असं धरलेलं आहे. जगातल्या असंख्य घरांत फोन वाटून वापरला जातो. दिवसा आईकडे, संध्याकाळी मुलाकडे, आणि मेसेज वाचून दाखवणारी तिसरीच. मग आईचे तास कुणाचे धरायचे? मुलाखतीचंही तेच. सुनेला तू विचारतेस, आणि सासरे शेजारच्या खोलीत ऐकताहेत. ती जे उत्तर देईल ते बातमीबद्दलचं असेल की घरातल्या तिच्या जागेबद्दलचं? या अडचणी प्रबंधाच्या ‘मर्यादा’ नावाच्या परिशिष्टात ढकलू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे.

असं काम बघायचं असेल तर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा ‘व्हाय वी पोस्ट’ हा प्रकल्प वाच. नऊ मानववंशशास्त्रज्ञ नऊ ठिकाणी प्रत्येकी 15 महिने राहिले : चीनमध्ये दोन जागा, शिवाय ब्राझील, चिली, त्रिनिदाद, तुर्कस्तान, इटली, इंग्लंड आणि भारत. पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत. चीनमधल्या कारखान्यांच्या वस्तीत गावाकडून आलेले तरुण कामगार दाटीवाटीनं राहत. सोशल मीडियामुळे खासगीपणा धोक्यात येतो, ही चर्चा आपण रोज ऐकतो. या कामगारांना मात्र स्वतःचा म्हणावा असा खासगी कोपरा मिळाला तो तिथेच. ही गोष्ट लंडनमध्ये बसून फॉर्म पाठवून कळली नसती.

तुलनेचं म्हणशील तर ती प्रश्नाला हवी असेल तरच कर. जर्नलला खूश करायला दुसरा देश चिकटवलास तर दोन्ही बाजू उथळ होतील. तुलना चांगली होते ती सहसा अनेकांच्या सहकार्यातून. ‘वर्ल्ड्स ऑफ जर्नलिझम’ या अभ्यासाच्या 2012 ते 2016 च्या फेरीत 67 देशांतल्या 27,500 हून अधिक पत्रकारांशी बोलणं झालं, आणि प्रत्येक देशात तिथल्या संशोधकांनी काम केलं. बातम्यांमध्ये स्त्रिया किती दिसतात हे मोजणारा ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ 1995 पासून साधारण दर पाच वर्षांनी ठरलेल्या एका दिवशी जगभर होतो. 1995 मध्ये ते प्रमाण 17 टक्के होतं, 2020 मध्ये 25 टक्के. तिथे स्वयंसेवक लागतात. विद्यार्थिनी म्हणून अशा कामात शिरलीस तर वेगवेगळ्या देशांत एकच गोष्ट सारख्या पद्धतीनं मोजणं किती कठीण असतं, हे हातानं कळेल.

परदेशी जायचं का? देश शोधण्याआधी गाइड शोध. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघड, त्या मुलांना स्वतःचे प्रश्न विचारू दिलेत की गाइडच्या प्रकल्पासाठी माहिती गोळा करायला जुंपलंय, ते बघ. अमेरिकेत बऱ्याच पीएचडी कार्यक्रमांत फी माफ होऊन शिकवण्याच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. पदरचे पैसे घालून जायचा विचार करू नकोस. आणि तिकडे गेल्यावर सगळं समतोल मिळेल असंही समजू नकोस. 2018 मध्ये पॉला चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 ते 2016 या काळातले संज्ञापनाच्या जर्नलमधले निबंध तपासले. गौरेतर अभ्यासकांचे निबंध, त्यांना दिलेले संदर्भ, संपादक मंडळातली त्यांची संख्या, सगळंच कमी निघालं. त्या निबंधानं या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. चर्चा अजून चालू आहे, आणि तू येते आहेस ती बरोबर या वेळी.

इंग्रजीची चिंता कर, पण न्यूनगंड नको. लिहिण्याचा सराव लागेलच. दर आठवड्याला दोन पानं लिही, कुणाकडून तरी तपासून घे. पण ज्या भाषेत ते आजोबा मेसेज टाकतात, ती भाषा तुला आतून येते. तिच्यातला आदर, टोमणा, गप्प बसणं तुला कळतं. ते दुभाष्याकरवी मिळत नाही.

बाबांना सरळ सांग, की विद्यापीठातल्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि फक्त त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. पण या कामाची गरज बाहेर मोठी आहे. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. तिने 11,000 हून अधिक जीव घेतले. सुरुवातीच्या संदेशांत या रोगावर औषध नाही यावर इतका भर होता, की रुग्णाला उपचार केंद्रात नेण्यात घरच्यांना अर्थ वाटेना. अंत्यविधी कसे होतात हे समजून, कुटुंबाला आणि धर्मगुरूंना सोबत घेऊन सुरक्षित दफनाची पद्धत ठरवावी लागली. लोक काय ऐकतात आणि कुणाचं ऐकतात हे सांगू शकणारी माणसं तेव्हा हवी होती. आरोग्य यंत्रणा, आपत्ती निवारण, विकास संस्था, वापरकर्त्यांवर संशोधन करणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्या, फॅक्टचेक करणारे गट, या सगळ्यांना ती आजही लागतात. म्यानमारमध्ये आपलं व्यासपीठ हिंसा भडकवायला वापरलं गेलं आणि ते रोखायला आपण पुरेसं काही केलं नाही, हे 2018 मध्ये फेसबुकनं स्वतः मान्य केलं. अशा कामांसाठी मुलाखत घेण्याच्या कौशल्याबरोबर थोडी संख्याशास्त्राची तयारी ठेव. आर किंवा तत्सम एखादं सॉफ्टवेअर याच सेमिस्टरमध्ये शिकायला घे.

पीएचडीचा अर्ज भरण्याआधी एक छोटं काम कर. ओळखीची नसलेली तीन घरं निवड, परवानगी घे, आणि फॅमिली ग्रुपवर आलेली एकच बातमी घरातल्या प्रत्येकाकडून वेगवेगळी ऐक. पहिली कुणी पाहिली, कुणाला खटकली, कोण बोललं, कोण गप्प राहिलं, एवढंच टिपून ठेव. त्यावर तीन पानं लिही आणि सर, मॅडम दोघांनाही वाचायला दे. ती वाचून ज्यांना तुझ्याहून जास्त प्रश्न पडतील, त्यांना गाइड व्हाल का म्हणून विचार.